गव्हर्नरचा विरोध, तरी आदेश त्याच्याच नावाने

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जून २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्य आणि केंद्र (फेडरल) सरकार या दोघांच्याही हुकमाखाली येऊ शकणाऱ्या अमेरिकी राखीव सैन्याचे, सैनिक उतरले. तेव्हापासून या दलाच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत वारंवार येत आहेत आणि ज्यांची मुलेबाळे अमेरिकेत आहेत अशी घरे त्या काळजीने वाचतात. पण बहुतेक बातम्या 'ट्रम्प विरुद्ध गव्हर्नर' एवढ्यावर थांबतात. (अमेरिकेतला गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा नसतो, तो लोकांनी निवडलेला कार्यकारी प्रमुख असतो, अधिकाराने आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा.) या दोघांच्या मध्ये एक तिसरा अधिकारी असतो, राज्याच्या गार्डचा प्रमुख. त्याला अ‍ॅडज्युटंट जनरल म्हणतात. कॅलिफोर्नियाच्या खटल्यातला एक मोठा मुद्दा त्याच्या पदाविषयी राज्याच्या कायद्यात असलेल्या एका वाक्यावर फिरला. त्या वाक्याविषयी, आणि अशी वाक्ये लिहिणाऱ्या विधिमंडळांविषयी, हे पत्र आहे.

झाले ते असे. ७ जूनला राष्ट्राध्यक्षांनी फेडरल कायद्याच्या टायटल १० (सैन्याविषयीचा खंड) मधील कलम १२४०६ वापरून गार्डचे किमान २,००० सैनिक ६० दिवसांसाठी फेडरल सेवेत बोलावले. दोन दिवसांनी आणखी २,००० जणांचा आदेश निघाला. या कलमात एक अट स्पष्ट शब्दांत आहे : असे आदेश राज्याच्या गव्हर्नरमार्फत काढायचे. संरक्षणमंत्र्यांच्या पत्रावर 'कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरमार्फत' असा मजकूर होता, पण पत्र पोचले अ‍ॅडज्युटंट जनरलकडे आणि त्यांनी ते अमलात आणले. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांचा तर उघड विरोध होता. जिल्हा न्यायाधीश चार्ल्स ब्रायर यांनी १२ जूनला सांगितले की, कागदावर 'मार्फत' लिहिल्याने अट पुरी होत नाही. १९ जूनला नवव्या सर्किटच्या, म्हणजे वरच्या फेडरल अपील न्यायालयाच्या, तीन न्यायाधीशांच्या पीठाने त्या आदेशाला स्थगिती दिली. पीठाचे प्रथमदर्शनी मत असे पडले की, कॅलिफोर्नियाच्याच कायद्याने अ‍ॅडज्युटंट जनरलला गव्हर्नरच्या नावाने आदेश काढण्याचा अधिकार दिला आहे, तेव्हा त्यांनी काढलेला आदेश गव्हर्नरमार्फत निघाला असे धरता येते. गव्हर्नरला नकाराधिकार नाही, हेही पीठाने जोडले. म्हणजे ते वाक्य नसते तरी निकाल कदाचित तोच लागला असता. पण राज्याने कारभाराच्या सोयीसाठी दिलेला अधिकार असा राज्याच्याच विरोधात पुरावा म्हणून उभा राहिला, याची दखल इतर राज्यांच्या आमदारांनी घ्यायला हवी.

माझे म्हणणे थोडक्यात हे आहे : या पदावर कोण बसू शकतो हे राज्यांनी बारकाईने लिहिले, पण दोन धन्यांचे हुकूम एकमेकांविरुद्ध आले तर बसलेल्या माणसाने काय करायचे, हे जवळजवळ लिहिलेच नाही.

याचे मूळ पदाच्या इतिहासात आहे. मे १७९२ च्या मिलिशिया (राज्यांच्या नागरी सैन्याच्या) कायद्याने प्रत्येक राज्यात एक अ‍ॅडज्युटंट जनरल असावा असे ठरवले. त्याचे काम तेव्हा बहुतांशी कागदांचे होते. राज्याच्या सरसेनापतीचे, म्हणजे गव्हर्नरचे, आदेश तुकड्यांपर्यंत पोचवायचे, विवरणपत्रांचे कोरे नमुने पुरवायचे, माणसे, बंदुका, दारूगोळा यांचे हिशेब गोळा करून दरवर्षी त्यांचा गोषवारा सादर करायचा. प्रत्यक्ष फौज चालवण्याचा अधिकार त्या यादीत नव्हता. पुढे १९०३ च्या डिक कायद्याने मिलिशियाची नव्याने बांधणी केली, १९१६ च्या राष्ट्रीय संरक्षण कायद्याने फेडरल पैसा आणि नियंत्रण दोन्ही वाढवले, आणि १९३३ च्या दुरुस्तीनंतर गार्डचा प्रत्येक सैनिक एकाच वेळी राज्याच्या गार्डचा आणि अमेरिकी सैन्याच्या राखीव दलाचा सदस्य झाला. या सगळ्या बदलांत अ‍ॅडज्युटंट जनरल हिशेबनिसाचा सेनापती झाला. फेडरल कायदा मात्र त्याच्या कर्तव्यांविषयी आजही जेमतेम बोलतो. टायटल ३२ (नॅशनल गार्डविषयीचा खंड) चे कलम ३१४ म्हणते की प्रत्येक राज्यात असा अधिकारी असेल, तो त्या राज्याचा कायदा सांगेल ती कर्तव्ये करील, आणि लष्कर व हवाई दलाचे मंत्री मागतील ती विवरणपत्रे पाठवील. बाकीचे सारे राज्याच्या विधिमंडळावर सोडलेले आहे. आणि ते योग्यच आहे, कारण अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या कलमाने मिलिशियाचे अधिकारी नेमण्याचा हक्क राज्यांकडे राखून ठेवला आहे.

५० राज्ये, पोर्तो रिको, ग्वाम, व्हर्जिन बेटे आणि राजधानीचा कोलंबिया जिल्हा अशी ही ५४ दले आहेत. बहुतेक राज्यांत गव्हर्नर नेमणूक करतो आणि अनेक ठिकाणी राज्याच्या सिनेटची (वरिष्ठ सभागृहाची) मंजुरी लागते. व्हरमाँटमध्ये दोन्ही सभागृहे एकत्र बसून दर दोन वर्षांनी या अधिकाऱ्याची निवड करतात. तिथे उमेदवार आमदारांना भेटत फिरतो, आपली कामगिरी सांगतो, मते मागतो. साउथ कॅरोलायनात तर थेट जनता निवडणूक करत असे, पक्षाच्या चिन्हावर. ज्याच्या हाताखाली नोकरी करायची त्याच्याच प्रचाराला देणगी द्यायची की नाही, हा प्रश्न तिथल्या सैनिकांसमोर असे. विरोधी उमेदवारही बहुधा त्याच गार्डमधला असल्याने हरणाऱ्या बाजूच्या अधिकाऱ्यांची पंचाईत व्हायची. नोव्हेंबर २०१४ मध्ये मतदारांनीच घटनादुरुस्ती मंजूर करून ही पद्धत बंद केली आणि २०१९ पासून गव्हर्नर सिनेटच्या संमतीने नेमणूक करू लागला. निवडणूक गेली तेव्हा पात्रता कायद्यात लिहिणे भाग पडले, हा त्या बदलाचा मला वाटणारा मोठा फायदा. मतपेटीतून येणाऱ्या सेनापतीला कायदा फारशा अटी घालत नव्हता.

पात्रतेच्या अटींकडे नीट पाहिले की त्यामागचा अनुभव दिसतो. फ्लोरिडाच्या कायद्यातले २५०.१० हे कलम चांगला नमुना आहे. उमेदवार फेडरल मान्यता असलेला फ्लोरिडा गार्डचा अधिकारी हवा, नेमणुकीआधीची सलग ५ वर्षे त्याच राज्याच्या भूदल किंवा हवाई गार्डमध्ये सेवा हवी, आणि किमान कर्नलचा हुद्दा मिळालेला हवा. टेक्सास मेजर आणि त्यावरच्या अधिकाऱ्यालाही दार उघडे ठेवते, पण फेडरल मान्यतेची अट तिथेही आहे. यातली प्रत्येक अट एकेका जुन्या दुखण्यावरचा उपाय आहे. हुद्द्याची अट नसेल तर गव्हर्नर आपल्या प्रचारप्रमुखाला गणवेश चढवू शकतो, आणि एकोणिसाव्या शतकात हे पद राजकीय बक्षीस म्हणून सर्रास वाटले जाई. 'त्याच राज्यात ५ वर्षे' ही अट बाहेरून आणलेला सेनापती टाळते. चक्रीवादळात कोणता आर्मरी हॉल (गार्डच्या तुकडीचे स्थानिक केंद्र) पाण्याखाली जातो, कोणत्या जिल्ह्यातल्या तुकडीत ट्रकचालक कमी आहेत, हे ज्याला माहीत नाही तो पहिल्या ४८ तासांत उपयोगाचा नसतो.

सगळ्यांत महत्त्वाची अट मात्र फेडरल मान्यतेची, आणि वृत्तपत्रांत तिचा उल्लेख क्वचितच येतो. राज्य आपल्या अधिकाऱ्याला राज्याचा मेजर जनरल करू शकते. पण फेडरल मंडळ त्याची शारीरिक, नैतिक आणि व्यावसायिक पात्रता तपासते, आणि जनरलच्या हुद्द्यासाठी वॉशिंग्टनच्या सिनेटची मंजुरीही लागते. यात अनेक महिने जाऊ शकतात. त्या काळात एकच माणूस राज्याच्या लेखी दोन तारे लावणारा जनरल आणि फेडरल लेखी कर्नल असू शकतो, फेडरल सेवेतला पगार व हुद्दाही मग कर्नलचाच. तुकडी फेडरल सेवेत गेली की कोण कोणाला सलाम करणार, इथपासून गोंधळ सुरू होतो. म्हणून 'नेमणुकीच्या दिवशी फेडरल मान्यता असलेला' आणि 'फेडरल मान्यतेस पात्र' या दोन शब्दप्रयोगांत मोठा फरक आहे. दुसऱ्या शब्दप्रयोगाने गव्हर्नरला मोकळीक मिळते, पण मान्यता नाकारली गेली तर पुढे काय, हे कायद्यात नसेल तर पद अधांतरी राहते. किती दिवसांत मान्यता मिळाली नाही तर पद रिकामे समजायचे, हा आकडा कायद्यातच असायला हवा.

कर्तव्यांकडे वळलो की चित्र गुंतागुंतीचे होते. वरवर पाहता अ‍ॅडज्युटंट जनरल सर्वेसर्वा. शस्त्रे व साहित्य यांची पावती, साठवण, दुरुस्ती, वाटप, परत घेणे, नोंदी, आर्मरी इमारती, वार्षिक अहवाल, हे सारे त्याच्याकडे. विस्कॉन्सिन आणि वॉशिंग्टन या राज्यांत आपत्ती व्यवस्थापनाचा विभागही लष्करी खात्याच्याच छत्राखाली येतो. पण फेडरल पैसा आणि फेडरल मालमत्ता यांचा जबाबदार अधिकारी वेगळा असतो, युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी अँड फिस्कल ऑफिसर. टायटल ३२ चे कलम ७०८ त्याला प्रत्येक राज्यात बसवते. तो त्याच राज्याच्या गार्डमधला असतो, हुद्दा कर्नलपेक्षा वर जात नाही, आणि त्याची नेमणूक नॅशनल गार्ड ब्युरोचा प्रमुख अ‍ॅडज्युटंट जनरलशी सल्लामसलत करून करतो. त्याचा हिशेब वॉशिंग्टनला जातो. राज्याच्या पुरात फेडरल ट्रक वापरले, डिझेल जाळले, आणि नंतर राज्याकडून भरपाई आली नाही, तर हा कर्नल आपल्या जनरलला लेखी विचारतो. व्यवस्था कटकटीची आहे, पण माझ्या मते ती शहाणपणाची आहे.

नोकरवर्गाचेही तसेच. गार्डचे 'ड्युअल स्टेटस टेक्निशियन' हे आठवडाभर नागरी कर्मचारी आणि कवायतीच्या दिवशी सैनिक असतात. कलम ७०९ प्रमाणे त्यांना अ‍ॅडज्युटंट जनरल नेमतो. तो राज्याचा अधिकारी म्हणून नेमतो की फेडरल संस्था म्हणून, हा वाद ओहायोतून सर्वोच्च न्यायालयात गेला. मे २०२३ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी निकाल लागला की, या कामापुरता तो फेडरल संस्थेसारखा वागतो आणि कामगार संघटनेशी वाटाघाटी करण्याचे फेडरल बंधन त्याच्यावर आहे. राज्याने नेमलेला, राज्याला जबाबदार असलेला अधिकारी सकाळी फेडरल आणि दुपारी राज्याचा, अशी ही अवस्था आहे.

म्हणूनच गार्ड कोणत्या कायद्याखाली उतरला हे पाहिल्याशिवाय कोणतीही बातमी नीट समजत नाही. राज्याच्या सेवेत असेल तर हुकूम गव्हर्नरचा, पगार राज्याचा, भत्ते आणि जखमेची भरपाई राज्याच्या कायद्याने. टायटल ३२ खाली असेल तर हुकूम गव्हर्नरचाच, पैसा मात्र फेडरल. टायटल १० खाली असेल तर हुकूमही फेडरल आणि पैसाही, आणि मग १८७८ चा पॉसी कॉमिटेटस कायदा लागू होऊन सैनिकांना पोलिसी कामे करण्यास सर्वसाधारणपणे मनाई होते. पहिल्या दोन प्रकारांत ती मनाई नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो, साउथ कॅरोलायना वगैरे राज्यांचे सैनिक राजधानी वॉशिंग्टनला गेले ते टायटल ३२ खाली, आपापल्या गव्हर्नरच्या संमतीने. कॅलिफोर्नियात टायटल १० होते. वाचकाला दोन्हीकडे सारखाच हिरवा गणवेश दिसतो. वॉशिंग्टन शहराला तर गव्हर्नरच नाही. तिथल्या गार्डचा सरसेनापती राष्ट्राध्यक्ष, आणि १९६९ च्या एका आदेशाने तो अधिकार संरक्षणमंत्र्यामार्फत खाली सोपवलेला. ६ जानेवारी २०२१ ला संसदेवर हल्ला झाला तेव्हा मदत मागितल्यापासून गार्ड पोचायला तीन तासांहून अधिक वेळ लागला, त्यात ही लांबलचक साखळी हे एक कारण होते.

दोन धन्यांचा प्रश्न नवा नाही. सप्टेंबर १९५७ मध्ये आर्कान्साचे गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवण्यासाठी गार्ड उभा केला. २४ तारखेला आयझेनहॉवर यांनी तोच गार्ड, सुमारे १०,००० माणसे, फेडरल सेवेत घेतला आणि त्याच मुलांच्या रक्षणाला लावला. काही दिवसांत हुकूम पूर्ण उलटा. तेव्हा फेडरल अधिकार न्यायाच्या बाजूने होता हे विसरता कामा नये. राज्याच्या हक्कांची बाजू घेताना हे उदाहरण समोर ठेवूनच घ्यावी लागते. १९९० च्या पर्पिच खटल्यात मिनेसोटाचे गव्हर्नर आपल्या सैनिकांना मध्य अमेरिकेत प्रशिक्षणासाठी पाठवायला तयार नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, ते रोखू शकत नाहीत.

उलट बाजूचे उदाहरण ओक्लाहोमाचे. नोव्हेंबर २०२१ मध्ये गव्हर्नर केविन स्टिट यांनी अ‍ॅडज्युटंट जनरल बदलला आणि नव्या अधिकाऱ्याने लगेच आदेश काढला की, फेडरल सेवेत नसलेल्या सैनिकांवर कोविड लशीची सक्ती करायची नाही. पेंटॅगॉनने तो मानला नाही, आणि डिसेंबरअखेर फेडरल न्यायाधीशाने राज्याच्या विरोधात निर्णय दिला. त्या दोन महिन्यांत साधा सैनिक मात्र कात्रीत सापडला होता. राज्याचा जनरल म्हणतो लस नको, फेडरल खाते म्हणते लस नसेल तर कवायतीचा पगार नाही. गव्हर्नरच्या मर्जीवर पद असेल तर बदल किती सहज होतो, हे यात दिसते. विस्कॉन्सिनमध्ये या पदाची मुदत ५ वर्षांची आहे, म्हणजे चार वर्षांनी गव्हर्नर बदलला तरी सेनापती आपोआप बदलत नाही. पण नुसती मुदत पुरत नाही. त्याच राज्यात लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींची चौकशी नियमाबाहेर जाऊन अंतर्गत पातळीवर केल्याचे फेडरल तपासणीत निघाले आणि डिसेंबर २०१९ मध्ये अ‍ॅडज्युटंट जनरलला राजीनामा द्यावा लागला. मुदतीबरोबर काढून टाकण्याची कारणे आणि पद्धत लिहिलेली हवी, आणि तक्रारींचा आकडेवारीसह अहवाल थेट विधिमंडळाला जायला हवा.

मग राज्यांनी करावे काय? फेडरल आदेश अडवणारे कलम टिकणार नाही, पर्पिचनंतर त्यात शंका नाही. पण सूचना देण्याचे बंधन राज्य घालू शकते असे माझे मत आहे. 'गव्हर्नरच्या नावाने आदेश काढील' या मोघम वाक्याच्या जागी कायद्यात असे लिहिता येईल : राज्याच्या सेवेतले आदेश तो गव्हर्नरच्या नावाने काढील, फेडरल सेवेत बोलावणारा आदेश हाती येताच तो मूळ प्रत गव्हर्नरला लगेच, लेखी आणि वेळ नोंदवून देईल, आणि असा आदेश पुढे पाठवताना तो गव्हर्नरच्या वतीने वागतो असे समजले जाणार नाही. हे शेवटचे उपवाक्य सगळ्यांत मोलाचे आहे. त्याने फेडरल अधिकाराला धक्का लागत नाही, फक्त गव्हर्नरने न दिलेली संमती त्याच्या नावावर चढत नाही. सोबत उपअधिकाऱ्याचाही विचार हवा, कारण अ‍ॅडज्युटंट जनरल स्वतःच फेडरल सेवेत गेला तर राज्याकडे उरलेल्या सैनिकांचा प्रमुख कोण, हे मध्यरात्री ठरवण्याची पाळी येऊ नये.

आपल्याकडे हा पेच नाही. सैन्य हा विषय संघसूचीत आहे आणि राज्यांकडे पोलीस. मूळ घटनेत अनुच्छेद २५९ होता, त्याने 'ब' भागातल्या, म्हणजे पूर्वीच्या संस्थानी राज्यांना आपली सैन्ये संसद ठरवीपर्यंत ठेवता येत होती. तो १९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीने गेला. कोल्हापूर संस्थानची पायदळ पलटण मराठा लाइट इन्फन्ट्रीत १९ वी बटालियन म्हणून सामील झाली, ती संस्थानांच्या विलीनीकरणात. राज्याच्या हाती उरलेले स्वयंसेवी दल म्हणजे होमगार्ड. मुंबईत ते डिसेंबर १९४६ मध्ये उभे राहिले, १९४७ चा मुंबई होमगार्ड कायदा त्याला लागू आहे, आणि महासमादेशकाचे पद पोलीस सेवेतल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे असते. त्यामुळे नॅशनल गार्डची तुलना होमगार्डशी किंवा राज्य राखीव पोलीस दलाशी करणे वाचकाची दिशाभूल करते. रणगाडे, तोफा आणि लढाऊ विमाने असलेले, परदेशी युद्धांत लढलेले ते सैन्य आहे.

आपल्या वृत्तसंपादकांना एक विनंती. अशी बातमी देताना सैनिक राज्याच्या सेवेत, टायटल ३२ खाली की टायटल १० खाली गेले, आदेशावर सही कोणाची आहे, आणि त्या राज्याचा अ‍ॅडज्युटंट जनरल त्या क्षणी कोणाला जबाबदार आहे, एवढी माहिती दोन ओळींत छापावी. वृत्तसंस्थांच्या इंग्रजी मजकुरात ती बहुधा असते, भाषांतरात जागेअभावी गाळली जाते.

आपला,
लष्करी व घटनात्मक कायद्याचा एक अभ्यासक, पुणे